दारू आधी की आजार आधी? व्यसन आणि मानसिक आजार एकत्र आले तर घरच्यांनी काय करावं

माझ्या धाकट्या भावाच्या आजारपणात आम्ही तीन वर्षं दोन दारांमध्ये घालवली. व्यसनमुक्ती केंद्रात सांगायचे, "याचं डोकं ठिकाणावर नाही, आधी मानसोपचार करून आणा." मानसोपचाराच्या दवाखान्यात सांगायचे, "हा पिऊन येतो, औषध लागू कसं पडणार? आधी दारू सोडवा." दोन्हीकडची माणसं वाईट नव्हती. पण या दोन वाक्यांच्या मध्ये माझा भाऊ उभा होता, आणि तिथेच त्याची एमआयडीसीतली नोकरी गेली, लग्न मोडायला आलं आणि वडिलांनी त्याच्याशी बोलणं टाकलं.

पुढे एका सरकारी रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरबाईंनी एकच प्रश्न विचारला: "तो पीत नव्हता तेव्हा कसा होता?" तीन वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. त्या प्रश्नाचं उत्तर घरच्यांनी कसं शोधायचं आणि ते हातात घेऊन कुठे जायचं, ते इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच, पण डॉक्टरांपर्यंत नीट पोचायचं काम घरच्यांनाच करावं लागतं.

आधी एवढं समजून घ्या

दोन्ही आजार एकत्र असणं हा अपवाद नाही. अमेरिकेत १९८०च्या दशकात वीस हजारांहून जास्त लोकांची पाहणी झाली, तिचे आकडे १९९० मध्ये छापले गेले. आयुष्यात कधीतरी दारूचा आजार जडलेल्यांपैकी ३७ टक्के लोकांना दुसरा एखादा मानसिक आजारही झालेला होता. उलट बाजूने पाहिलं तर स्किझोफ्रेनिया (भास, संशय यांचा आजार) असलेल्यांत ४७ टक्के आणि बायपोलर (कधी उन्माद, कधी नैराश्य असा आजार) असलेल्यांत ५६ टक्के लोक कधी ना कधी व्यसनात अडकले होते.

असं का होतं? एक वाट अशी की आतला त्रास सहन होत नाही म्हणून माणूस नशेचा आधार घेतो. चार माणसांत छाती धडधडते, एक क्वार्टर पोटात गेली की थांबते. डोक्यातले आवाज गांजा ओढल्यावर घटकाभर लांब जातात. एडवर्ड खांट्झियन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९८५ मध्ये ही मांडणी ठळकपणे केली. दुसरी वाट उलटी. नशाच मेंदूला बिघडवते. रोजच्या दारूने येणारं नैराश्य आणि एमडी (मेफेड्रोन नावाची नशेची पूड) किंवा गांजाने येणारे संशय, भास ही त्याची उदाहरणं. तिसरी वाट म्हणजे दोघांचं मूळ एक: आनुवंशिकता, लहानपणी सोसलेला मार किंवा अत्याचार. बहुतेक घरांत या तिन्ही वाटा एकमेकींत गुंतलेल्या असतात. म्हणून "आधी काय झालं" यावर घरात भांडत बसण्यात अर्थ नाही. उपचार मात्र दोन्हींवर, एकाच वेळी आणि शक्यतो एकाच डॉक्टरच्या देखरेखीखाली व्हायला हवेत.

आपल्याकडे ही कल्पना परकी नाही. पुण्यातलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झालं ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, आणि ते उभं करणाऱ्या डॉ. अनिता अवचट स्वतः मानसोपचारतज्ज्ञ होत्या. कायदाही दोघांना वेगळं मानत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था धरलेल्या आहेत. "दारुड्यांना इथे घेत नाही" असं कुणी म्हणालं, तर हे लक्षात असू द्या.

पहिली पायरी: जिवाला धोका आहे का ते बघा

हे सगळ्यात आधी, कारण इथे चूक झाली तर बाकीच्या पायऱ्या उरतच नाहीत.

रोज आणि भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू घरच्या घरी एका दिवसात बंद करू नका. गटारी झाली, श्रावण लागला, आईने शपथ घातली, पंढरीची माळ गळ्यात आली आणि त्याने बाटली खाली ठेवली. घर आनंदात असतं. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात माणूस बरळायला लागतो, अंगावर किडे फिरताहेत म्हणून झटकत बसतो, घामाने भिजतो, आपण कुठे आहोत हे विसरतो. याला डिलिरियम म्हणतात, आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. अपघातात पाय मोडून हाडांच्या वॉर्डात ठेवलेल्या माणसाला तिसऱ्या रात्री "वेड लागतं", त्यामागे अनेकदा हेच असतं. ॲडमिट करतानाच डॉक्टरांना खरं सांगा: रोज किती, किती वर्षं, शेवटची कधी. लाजून "कधीतरी घेतो" असं सांगणं इथे जिवावर बेतू शकतं.

माळेवर माझा राग नाही. माळेने सुटलेली माणसं मी पाहिली आहेत. माळ जरूर घाला, फक्त त्याआधी डॉक्टरांना गाठा. पाच-सात दिवस कमी कमी करत देण्याच्या गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं मिळाली, तर तो काळ सुखरूप पार पडतो. कुणी घरी येऊन नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावत असेल तर त्याला थांबवा आणि बी-१ दिलं का ते विचारा. पिणाऱ्या माणसाच्या शरीरात ते आधीच कमी असतं. ते न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो.

अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या, चिंतेच्या गोळ्यांचंही असंच. मालेगाव-नाशिककडे जिला "कुत्ता गोळी" म्हणतात ती हीच. या गोळ्या एकदम तोडल्या तरी फिट येऊ शकते. गर्दचं (ब्राऊन शुगरचं) वेगळं. तिची टर्की, म्हणजे ती सोडतानाचा त्रास, भयंकर वाटते, पण खरा धोका नंतर येतो. महिनाभर केंद्रात राहून शरीराची सवय मोडलेली असते, आणि बाहेर आल्यावर माणूस जुन्याच मापाने घेतो. त्या एका डोसने श्वास थांबू शकतो.

दुसरा धोका आत्महत्येचा. व्यसन आणि नैराश्य एकत्र असतात तेव्हा तो फार वाढतो, कारण नशेत क्षणभराचा विचार कृतीत उतरायला वेळ लागत नाही. थेट विचारा: "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो. उत्तर काहीही येवो, फवारणीची औषधं आणि साठवलेल्या गोळ्या त्याच दिवशी घराबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात द्या. त्याला एकटं ठेवू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. तातडीच्या वेळी १०८ ची रुग्णवाहिका किंवा ११२.

दुसरी पायरी: वही घाला

शंभर पानी साधी वही घ्या. पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे नशा, उजवीकडे मन. वरून खाली वर्षं लिहा, लहानपणापासून.

डावीकडे: पहिली बिडी किंवा गुटखा कधी, पहिली दारू कधी, रोजची कधी झाली, गांजा, गोळ्या, व्हाईटनर, खोकल्याचं औषध, सगळं. उजवीकडे: झोप, भूक, भीती, संशय, एकटेपणा, अचानक उधळपट्टी, आवाज ऐकू येणं, शाळा सुटणं, कुणी वारणं. घरात इतर कुणाला काय होतं तेही लिहा. "आत्या जरा विचित्र होती", "काका विहिरीत पडले" अशी जी वाक्यं घरात दबक्या आवाजात बोलतात, ती डॉक्टरांसाठी सोन्यासारखी असतात.

मग लाल पेनाने कोरडे काळ रंगवा. तो पीत नव्हता असे सलग आठवडे कोणते? इथे आपल्या पंचांगाची मोठी मदत होते. "श्रावण पाळायचा का?" "वारीला गेला होता तेव्हा?" "वडिलांच्या दिवसांत?" तारखा कुणाला आठवत नाहीत, सण आठवतात.

हे कोरडे काळ महत्त्वाचे, कारण दारूने आणलेलं नैराश्य आणि चिंता दारू थांबल्यावर बहुतेकदा दोन ते चार आठवड्यांत ओसरू लागते. म्हणजे जवळपास एक श्रावण. महिन्यानंतरही ती तशीच टिकली, किंवा पहिल्या घोटाच्या आधीपासूनच होती, तर मागे स्वतंत्र आजार असण्याची शक्यता वाढते. घरात तसाच आजार असेल तर संशय आणखी पक्का होतो.

आमच्या वहीत हे लख्ख दिसलं. एका श्रावणात भावाने थेंब घेतला नव्हता. आम्ही तो महिना "चांगला" म्हणून लक्षात ठेवला होता. मी खोदून विचारलं तेव्हा आईला आठवलं की त्याच महिन्यात तो आठवडाभर रात्र रात्र जागा होता, पहाटे तीनला भिंती रंगवत होता, आणि नागपंचमीनंतर कुणाला न विचारता कर्जावर जुना टेम्पो घेऊन आला होता. आम्हाला वाटलं, दारू सुटल्याचा उत्साह. डॉक्टरबाईंनी ते पान दोनदा वाचलं. तो बायपोलरमधला उन्मादाचा काळ होता. तो झोपेसाठी प्यायचा, पिण्याने झोप आणखी मोडायची, आणि झोप मोडली की आजार उसळायचा.

गांजाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण "ती तर वनस्पती, साधूबुवा ओढतात" हे मी फार ऐकलं आहे. स्वीडनमध्ये १९६९-७० साली लष्करभरतीला आलेल्या ४५ हजारांहून जास्त तरुणांवर पंधरा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. अठराव्या वर्षापर्यंत पन्नासहून जास्त वेळा गांजा ओढलेल्यांना स्किझोफ्रेनिया होण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट निघालं. ओढणाऱ्या प्रत्येकाला हा आजार होत नाही. पण घरात स्किझोफ्रेनिया असेल आणि मुलगा पंधरा-सोळाचा असेल, तर वाट बघत बसू नका.

आणि भास, टोकाचा संशय, उन्माद किंवा जीव देण्याची भाषा असेल तेव्हा "महिना कोरडा जाऊ दे, मग ठरवू" असं चालत नाही. उपचार त्याच दिवशी सुरू व्हायला हवेत. निदान मागाहून पक्कं होत राहतं.

तिसरी पायरी: त्याला तयार करणं

"तू बेवडा आहेस, चल केंद्रात" याला कुणी हो म्हणत नाही. "तुला वेडाचा झटका आलाय" यालाही नाही. त्याला स्वतःला ज्याचा त्रास होतो तिथून सुरुवात करा. माझ्या भावाला दारूबद्दल एक शब्द ऐकायचा नव्हता, पण झोपेने तो रडकुंडीला आला होता. मी म्हटलं, "झोपेचं दाखवू या. मीपण येते." यात खोटं काही नव्हतं. दवाखान्यात गेल्यावर बाकीचं त्याने स्वतःच सांगितलं.

वेळ सकाळची निवडा, उतरलेली असताना. एकाच माणसाने बोलावं, ज्याच्यावर त्याचा जीव आहे त्याने. आमच्याकडे तो मान ताईचा, म्हणजे माझा होता, काही घरांत मामाचा असतो. पाच जणांनी घेरून बसू नका. नाही म्हणाला तर विषय सोडा, आठवड्याने पुन्हा काढा.

देवऋषाकडे आम्हीही गेलो होतो. आईला दोष देत नाही. तिला कुणीतरी "हा बरा होईल" असं ठामपणे म्हणणारं हवं होतं. देवळात जायचं असेल तर जा, पण गोळी चुकवून नको, आणि बांधून ठेवणारी, मिरचीची धुरी देणारी जागा असेल तर त्याच पावली परत फिरा.

चौथी पायरी: योग्य दार शोधणं

दिल्लीच्या एम्स रुग्णालयाने केलेल्या व्यसनांच्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळतो. त्या एकात आपला माणूस बसवायचा आहे.

सुरुवात जिल्हा रुग्णालयाच्या किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार ओपीडीतून करा. तिथे दोन्ही आजारांचे डॉक्टर एकच असतात आणि खर्च कमी. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. व्यसनमुक्तीच्या माहितीसाठी १४४४६ हा सरकारी क्रमांक आहे.

खासगी केंद्र निवडत असाल तर दाखल करण्याआधी एकदा स्वतः जाऊन या, आणि हे विचारा: मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात आणि त्यांचं नाव काय? चालू असलेल्या मानसिक आजाराच्या गोळ्या इथे दिल्या जातात की बंद करतात? राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का? रात्री फिट आली तर कुठल्या रुग्णालयात नेता? घरच्यांना कधी भेटू देता? शेवटच्या प्रश्नाला "तीन महिने भेट नाही" असं उत्तर आलं तर तिथे ठेवू नका. साखळीने बांधणं आणि एकट्याला कोंडून ठेवणं यांना कायद्याने बंदी आहे. भावाला आम्ही आधी जिथे ठेवलं होतं, तिथे "गोळ्या म्हणजे दुसरं व्यसन" म्हणून त्याची सगळी औषधं काढून घेतली होती. सोळाव्या दिवशी तो भिंतीवर डोकं आपटत होता. मी हे प्रश्न विचारले नव्हते, म्हणून तुम्ही विचारा.

रात्री गाडी आणून माणसाला उचलून नेणाऱ्यांना फोन करू नका. तो स्वतः तयार असेल तर स्वतःच्या सहीने दाखल होऊ शकतो. तयार नसेल, आणि स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल किंवा स्वतःची काळजीही घेता येत नसेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे त्याने आपल्या वतीने नेमलेल्या माणसाच्या अर्जावरून, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. तो शुद्धीत आणि शांत असताना साध्या कागदावर सही घेऊन हा प्रतिनिधी कोण ते ठरवून ठेवा. ऐन वेळी भावकीतली ओढाताण वाचते. विमा असेल तर पॉलिसीही काढून वाचा. मानसिक आजारासाठी शारीरिक आजारासारखीच सोय विमा कंपन्यांनी द्यायची, असं २०१७ चा तोच कायदा सांगतो.

पाचवी पायरी: औषधांबाबत चार गोष्टी

चहात किंवा भाजीत न सांगता औषध घालू नका. "नकळत दारू सोडवा" अशा जाहिरातींतल्या पुड्यांमध्ये काय असतं ते तुम्हाला कळणार नाही. दारू सोडवण्यासाठी देतात ते डायसल्फिराम हे खरं औषधही चोरून द्यायचं नसतं. ते पोटात असताना दारू गेली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, आणि जीवही जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर चौदा दिवसांपर्यंत हा धोका असतो. काही रुग्णांत याच औषधाने भास वाढतात, म्हणून मानसिक आजार असलेल्याला ते डॉक्टरांनी तोलूनमापूनच द्यावं लागतं.

बिडी-सिगारेटचा हिशेब डॉक्टरांना द्या. हे कुणी सांगत नाही. धुरामुळे क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही भास-संशयावरची औषधं शरीरातून लवकर निघून जातात. केंद्रात बिडी बंद असते तेव्हा त्याच गोळीचा अंमल वाढतो आणि माणूस पेंगतो. घरी येऊन टपरीवर गेला की अंमल घटतो, आवाज परत येतात, आणि सगळे सुनेला बोल लावतात. डोस बदलावा लागतो, एवढीच ती गोष्ट असू शकते.

लिथियम हे बायपोलरवरचं औषध चालू असेल तर पाण्याकडे लक्ष हवं. सलग पिणं, उलट्या, जुलाब, मे महिन्यातला घाम यांनी रक्तातलं लिथियम वाढतं. हात जास्त थरथरायला लागले, तोल गेला, बोबडं बोलायला लागला, तर दारू समजून झोपवू नका, रुग्णालयात न्या. दुकानातून परस्पर आणलेल्या काही वेदनाशामक गोळ्यांनीही असंच होतं.

आणि हे आधीच विचारून वहीत लिहून ठेवा: ज्या दिवशी तो प्यायला असेल त्या रात्री कोणती गोळी द्यायची, कोणती नाही? झोपेची गोळी आणि दारू एकत्र श्वास दाबतात. पण "आज प्यायलाय" म्हणून सगळ्याच गोळ्या बंद ठेवल्या तर मूळ आजार उसळतो. हे उत्तर प्रत्येकाचं वेगळं असतं.

ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना) सभांना तो जात असेल तर उत्तम. तिथे एखादा जुना सदस्य "गोळ्याही सोड" म्हणाला, तर तो त्याचा खासगी सल्ला समजा. कोणत्याही सदस्याने डॉक्टर होऊ नये, असं ती संघटना स्वतःच सांगते. घरच्यांसाठी अल-अनॉनच्या वेगळ्या सभा असतात. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा दीड तास नुसती रडले. कुणी काही विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात परत गेले.

सहावी पायरी: घसरण्याआधीची घसरण ओळखणं

पुन्हा पिणं एका दिवसात होत नाही. दोन्ही आजार असलेल्या माणसात अनेकदा आधी मन हलतं, मग हात बाटलीकडे जातो. कधी उलटंही होतं. तुमच्या माणसाचा क्रम वहीतून काढा. भावाचा क्रम असा निघाला: झोप चार तासांवर येते, बिड्या दुप्पट होतात, रात्री अकरानंतर जुन्या मित्रांना फोन जातात, पैशांच्या मोठ्या गोष्टी सुरू होतात, आणि साधारण दहाव्या दिवशी दारू. आम्ही दहा वर्षं दहाव्या दिवशी जागे होत होतो.

आता हा क्रम कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. त्याच्या हस्ताक्षरात, त्याच्या संमतीने. पहिल्या ओळीला, म्हणजे सलग दोन रात्री झोप मोडली की, डॉक्टरांना फोन करायचा. फोन कोणी करायचा हेही लिहिलेलं आहे: आधी तो, त्याने दुपारपर्यंत केला नाही तर मी. पगाराचा दिवस, होळी आणि ३१ डिसेंबर यांना लाल गोल आहेत. त्या दिवशी तो आमच्याकडे जेवायला येतो.

गेल्या होळीला तो आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः दारात उभा होता, तोंडाला वास होता, आणि हातात वही होती. डावीकडच्या रकान्यात लिहिलं होतं, "एक चपटी." उजवीकडे, "चार रात्री झोप नाही. ताईला सांगितलं नव्हतं." आम्ही चहा घेतला आणि साडेनऊची ओपीडी गाठली.